२४ महिन्यांचा करार, की महिन्याचा रिचार्ज?

प्रश्न : मी पुढच्या महिन्यात दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी परदेशी जात आहे. तिथे आधीपासून शिकत असलेल्या तिघांना मोबाइलबद्दल विचारले, तर तिघांनी तीन वेगळी उत्तरे दिली. एक म्हणतो, पोहोचल्याबरोबर २४ महिन्यांचा करार कर, नवा फोन जवळजवळ फुकट पडतो. दुसरी म्हणते, आमच्या फॅमिली प्लॅनमध्ये ये, सगळ्यांत स्वस्त पडेल. तिसरा म्हणतो, प्रवासी ई-सिम (कार्ड न घालता थेट फोनमध्ये उतरवायचे सिम) घे, विद्यापीठात वाय-फाय असतेच, तिथला नंबर घ्यायची गरजच नाही. बाबांना वेगळीच काळजी आहे, की इथला नंबर बंद पडला तर बँकेचे ओटीपी कुठे येणार? शिक्षणासाठी कर्ज काढले आहे, त्यामुळे दरमहाचा खर्च मोजूनमापूनच करावा लागणार आहे. कोणाचे ऐकू?

उत्तर : तिघांपैकी कोणाचेही पूर्णपणे ऐकू नका, बाबांचे मात्र नक्की ऐका. पहिल्या सत्रापुरते माझे उत्तर असे आहे : हातात असलेला फोन सोबत न्या, तिथे पोहोचल्यावर स्थानिक क्रमांक असलेले आणि महिन्या-महिन्याने रिचार्ज करता येणारे प्रीपेड सिम घ्या, मायदेशातला क्रमांक त्याच फोनमध्ये दुसऱ्या सिमवर जिवंत ठेवा आणि ज्यावर सही करावी लागते असा कोणताही मोबाइल करार निदान दोन-तीन महिने करू नका. तुम्ही देशाचे नाव लिहिलेले नाही, त्यामुळे सर्वत्र लागू पडणाऱ्या गोष्टी सांगते आणि जिथे देशागणिक फरक पडतो तिथे त्या देशाचे नाव घेते.

आधी त्या ‘जवळजवळ फुकट’ फोनकडे पाहू. करारासोबत मिळणाऱ्या फोनची किंमत मासिक बिलात मुरवलेली असते. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या बहुधा बिलात फोनचा हप्ता लावतात आणि तेवढीच सूट दरमहा देतात, परंतु ही सूट २४ किंवा ३६ महिन्यांवर पसरलेली असते. मध्येच सेवा सोडली, की उरलेली सूट थांबते आणि फोनचे उरलेले पैसे एकरकमी भरावे लागतात. म्हणजे शैक्षणिक कर्जाच्या जोडीला तुम्ही आणखी एक कर्ज घेता आणि त्याला कोणी कर्ज म्हणत नाही म्हणून ते हिशेबात धरायचे राहून जाते. तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य वाचल्यानंतर हे तुमच्या बाबतीत घडू नये असे मला फार वाटते.

दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि २४ महिन्यांचा करार वरवर अगदी जुळल्यासारखे दिसतात, पण विद्यार्थ्याचे आयुष्य तसे सरळ चालत नाही. दुसऱ्या वर्षी दूरच्या शहरात इंटर्नशिप मिळते, एखादे सत्र शेजारच्या देशात करण्याची संधी येते, प्रबंध ठरल्यापेक्षा लवकर पूर्ण होतो, आणि देश सोडला म्हणून करार आपोआप संपत नाही. जर्मनीत डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या कायद्यामुळे पहिली मुदत संपल्यावर असा करार महिनाभराची सूचना देऊन केव्हाही संपवता येतो. हा कायदा येण्यापूर्वी वेळेत कळवले नाही तर तो आणखी वर्षभर वाढत असे. परंतु पहिल्या मुदतीतून या कायद्याने सुटका होत नाही. ब्रिटनमध्ये करार चालू असतानाच दर वाढवण्याची प्रथा आहे. जानेवारी २०२५ पासून नव्या करारांत ती वाढ किती पौंड-पेन्सची आणि केव्हा होणार, हे ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगावे लागते. वाढ टळत नाही, फक्त ती आधी कळते, म्हणून दुकानात पहिल्या महिन्याचा दर विचारून थांबू नका, शेवटच्या महिन्याचाही विचारा.

त्यातून पोहोचल्याबरोबर हा करार तुम्हाला मिळेलच असेही नाही. पोस्टपेड सेवा देण्यापूर्वी कंपन्या ग्राहकाची पत तपासतात आणि नव्याने आलेल्या विद्यार्थ्याच्या नावावर त्या देशात पत दाखवणारी काही नोंदच नसते. अमेरिकेत या तपासणीसाठी बहुधा सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे तिथल्या सरकारने दिलेला ओळख क्रमांक, मागितला जातो आणि एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला तो साधारणपणे काम, मग ते विद्यापीठातले अर्धवेळ का असेना, मिळाल्यावरच मिळू शकतो. जर्मनीत लोकांच्या पतीच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘शुफा’ या संस्थेकडची नोंद पाहिली जाते. नोंद नसली तर कंपनी अनामत रक्कम मागते किंवा सरळ नकार देते. असा नकार मिळाला तर मनाला लावून घेऊ नका, कारण तुमच्या नावाचे तिथले पान अजून कोरे आहे एवढाच त्याचा अर्थ असतो.

प्रीपेड सिमला ही अडचण नाही, कारण पैसे आधी भरलेले असतात. ओळखपत्र मात्र अनेक देशांत लागते. जर्मनीत १ जुलै २०१७ पासून ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सिम चालू करता येत नाही आणि अन्यत्रही पासपोर्टची नोंद करून घेणारे देश बरेच आहेत. म्हणूनच वसतिगृहात कोणी ‘आधीच चालू केलेले’ सिम स्वस्तात देऊ लागले तर ते घेऊ नका. ते दुसऱ्याच्या नावावर असते, उद्या बंद पडले तर तो क्रमांक तुमचा आहे हे सिद्ध करायला तुमच्याकडे काहीही नसते आणि तोवर तुम्ही तोच क्रमांक बँकेला आणि विद्यापीठाला देऊन बसलेले असता.

यावरून तुमच्या तिसऱ्या सल्लागाराकडे वळू. वाय-फायबद्दल त्याचे म्हणणे बरेचसे खरे आहे, परंतु स्थानिक क्रमांकाची गरज नाही हे म्हणणे पहिल्या आठवड्यातच तुम्हाला अडवेल. बँकेत खाते उघडताना, घरमालकाशी करार करताना, अर्धवेळ कामासाठी अर्ज भरताना, दवाखान्यात वेळ घेताना स्थानिक क्रमांक मागतात आणि काही ठिकाणच्या फॉर्ममध्ये परदेशी क्रमांक भरताच येत नाही. प्रवाशांसाठी विकली जाणारी ई-सिम बहुतेक वेळा केवळ डेटा देतात. त्यांना फोन करण्या-घेण्याचा क्रमांक नसतो, आणि महिनोन्‌महिने वापरायची म्हटली तर स्थानिक प्लॅनपेक्षा ती साधारणपणे महाग पडतात. तरीही विमानातून उतरल्यापासून राहण्याच्या जागी पोहोचेपर्यंत नकाशा, टॅक्सी आणि घरी खुशाली कळवणे यासाठी लहान मुदतीचे असे ई-सिम निघण्यापूर्वीच फोनमध्ये घालून ठेवणे शहाणपणाचे आहे. विमानतळावरच्या काउंटरवर थकलेल्या अवस्थेत, रांगेत उभे राहून, समोरचा सांगेल तो प्लॅन घेण्याची वेळ त्यामुळे येत नाही.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. मला तो तुमच्या तिन्ही सल्लागारांच्या मतांपेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण प्लॅन चुकला तर महिन्याभरात बदलता येतो, पण गेलेला क्रमांक परत मिळवणे परदेशातून जवळजवळ अशक्य होऊन बसते. कर्जाचे खाते, बचत खाते, करविषयक संकेतस्थळे, ई-मेल अशा सगळ्यांची दारे आज त्या एका क्रमांकाला जोडलेली आहेत. ठरावीक काळ रिचार्ज किंवा वापर झाला नाही तर कंपनी क्रमांक बंद करते आणि काही काळाने तोच क्रमांक दुसऱ्या ग्राहकाला देते. मग तुमचे ओटीपी एका अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ लागतात. त्यामुळे क्रमांक चालू ठेवण्यासाठी किमान किती रकमेचा आणि किती दिवसांनी रिचार्ज करावा लागतो हे कंपनीकडून निघण्यापूर्वी विचारून घ्या, त्याच्या तारखा कॅलेंडरमध्ये लावा आणि एक आठवण बाबांच्या फोनमध्येही लावून ठेवा.

एवढे करूनही भागत नाही. परदेशात त्या सिमला नेटवर्क मिळावे म्हणून आंतरराष्ट्रीय रोमिंग आधी सुरू करून घ्यावे लागते आणि परदेशात गेल्यावर ते सुरू करायचे म्हटले, तर त्याची खातरजमा करणारा संदेश त्याच बंद सिमवर येण्याचा घोळ होतो. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला सामान्यतः पैसे पडत नाहीत, पण आलेला फोन उचलला तर पडतात, आणि डेटा चालू राहिला तर फारच पडतात. म्हणून जुन्या सिमवर रोमिंग चालू पण डेटा रोमिंग बंद, असे ठेवा. दोन सिमच्या फोनमध्ये आणखी एक सेटिंग असते, ज्यामुळे एका सिमची रेंज गेली, की फोन परस्पर दुसऱ्या सिमचा डेटा वापरू लागतो. तेही बंद करा. काही कंपन्यांच्या सिमवर वाय-फाय कॉलिंगची सोय परदेशातही चालते, तुमच्या कंपनीची चालत असेल तर रेंज नसतानाही वाय-फायवरून फोन आणि संदेश येऊ शकतात. जिथे बँक ओटीपीऐवजी ॲपमधून मंजुरी देण्याची सोय देते तिथे ती निघण्यापूर्वीच सुरू करा, म्हणजे सगळा भार एका सिमवर राहणार नाही.

जुना क्रमांक ई-सिममध्ये बदलून घ्यावा का, असा प्रश्न पडेल. सोय आहे, कारण मग स्थानिक सिमसाठी फोनमधली जागा मोकळी राहते. मात्र पुढे फोन हरवला किंवा बिघडला तर नव्या फोनवर ते ई-सिम परदेशात बसून कसे उतरवायचे, हे कंपनीला विचारल्याशिवाय तो निर्णय घेऊ नका. अनेकदा त्यासाठी त्याच क्रमांकावर आलेला संदेश लागतो किंवा दुकानात समक्ष यावे लागते. उत्तर समाधानकारक नसेल तर जुने सिम कार्डाच्या रूपातच ठेवा आणि स्थानिक क्रमांक ई-सिमवर घ्या. व्हॉट्सॲपचा क्रमांक बदलायची मात्र काहीच गरज नाही. ते जुन्या क्रमांकावर राहूनही नव्या सिमच्या डेटावर व्यवस्थित चालते.

हे सारे तुमचा फोन तिथे चालतो या गृहीतावर उभे आहे, तेव्हा ते गृहीत तपासा. फोन एखाद्या कंपनीच्या नेटवर्कला लॉक केलेला नसावा. तुम्ही जाल त्या देशातल्या कंपन्या ज्या लहरींवर ४जी आणि ५जी सेवा देतात, त्या तुमच्या मॉडेलमध्ये असाव्यात. आणि ४जीवरून थेट बोलण्याची सोय, म्हणजे व्होल्टे, तिथल्या कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी मान्य केलेली असावी. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केले, ऑस्ट्रेलियात ते २०२४ च्या अखेरीस बंद झाले. त्यामुळे तिथे व्होल्टे नसलेल्या फोनवर इंटरनेट चालले तरी बोलता येणार नाही. ऑस्ट्रेलियात तर आपत्कालीन ००० हा क्रमांक लावू न शकणारे फोन नेटवर्कवरूनच रोखले जातात. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर फोनचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाकून हे तपासता येते; तो क्रमांक *#०६# दाबल्यावर पडद्यावर दिसतो. तुर्कस्तानसारख्या देशात बाहेरून आणलेला फोन नोंदणी न करता स्थानिक सिमवर वापरला तर १२० दिवसांनी बंद होतो, तेव्हा असा काही नियम आहे का हेही पाहून ठेवा. तिकडे गेल्यावर आयफोन घ्यायचा विचार असेल तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ आणि त्यानंतरच्या मॉडेलांत सिम कार्डाला खाचच नाही, सारा कारभार ई-सिमवर चालतो. मायदेशातली तुमची कंपनी ई-सिम देत नसेल तर तो फोन तुमच्या उपयोगाचा नाही.

नेटवर्क निवडताना एक गोष्ट माहीत असली, की पैसे वाचतात. बहुतेक देशांत स्वतःचे मनोरे असलेल्या कंपन्या मोजक्याच असतात आणि बाकीच्या अनेक त्यांचेच नेटवर्क भाड्याने घेऊन सेवा विकतात. ब्रिटनमधली गिफगॅफ ओटूच्या नेटवर्कवर चालते, तर अमेरिकेतली मिंट मोबाइल टी-मोबाइलच्या. या कंपन्यांचे प्लॅन सहसा बरेच स्वस्त असतात आणि विद्यार्थ्याने शोध इथूनच सुरू करावा असे माझे मत आहे. नेटवर्कवर गर्दी झाली, की काही वेळा मूळ कंपनीच्या ग्राहकांना आधी वेग मिळतो आणि यांच्या ग्राहकांचा डेटा मंदावतो. मात्र दिवसाचा बराच वेळ वाय-फायवर असणाऱ्या विद्यार्थ्याला हे फारसे जाणवू नये. ‘विद्यार्थी सवलत’ ही पाटी पाहून लगेच हुरळून जाऊ नका. मोठ्या कंपनीचा सवलतीनंतरचा दर अशा छोट्या कंपनीच्या नेहमीच्या दरापेक्षा जास्त असल्याचे पुष्कळदा आढळते.

कोणते नेटवर्क चांगले, हे देशपातळीवर ठरवून उपयोग नाही. तुमची खोली, वर्ग, ग्रंथालयाचे तळघर आणि येण्या-जाण्याची बस, एवढ्या ठिकाणी जे चालते ते तुमच्यासाठी चांगले. कंपनीचा नकाशा अंदाजापुरता पाहा. त्याच इमारतीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारा आणि पहिल्या महिन्याचे प्रीपेड सिम हीच चाचणी समजा. खोलीत रेंज नाही असे आढळले तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या नेटवर्कचे सिम घ्यायचे आणि क्रमांक तोच ठेवायचा. क्रमांक पोर्ट करण्याची सोय आता बहुतेक देशांत आहे. ब्रिटनमध्ये तर ६५०७५ या क्रमांकावर पीएसी (PAC) असा संदेश पाठवला, की त्यासाठीचा संकेतांक लगेच मिळतो.

डेटा किती लागेल याचा अंदाज तुमच्या आजच्या फोनमध्येच आहे. सेटिंगमध्ये जाऊन गेल्या महिन्यात वाय-फाय सोडून किती जीबी खर्च झाले ते पाहा, आणि तिथे हा आकडा बहुधा कमी होईल हे लक्षात ठेवा. युरोपात सुरू झालेली आणि आता १०० हून अधिक देशांत पोहोचलेली एड्युरोम ही सेवा तुमच्या विद्यापीठात असली, तर तिथल्या एकाच लॉगिनवर तिच्यात सामील असलेल्या अन्य विद्यापीठांतही वाय-फाय मिळते. ‘अमर्याद’ या शब्दासाठी जादा पैसे देण्यापूर्वी किती जीबीनंतर वेग कमी होतो आणि हॉटस्पॉटला वेगळी मर्यादा आहे का, हे दोन प्रश्न विचारा. खोलीत वाय-फाय नसेल आणि लॅपटॉप फोनवरूनच चालवायचा असेल तर हॉटस्पॉटची मर्यादा हाच तुमच्या निवडीचा मुख्य निकष ठरेल.

जाहिरातीतला दर आणि खात्यातून जाणारी रक्कम यांत फरक असतो. अमेरिकेत अनेक प्लॅनच्या दरांवर कर आणि शुल्क वेगळे लागतात आणि ते राज्यागणिक बदलतात. एप्रिल २०२४ पासून तिथल्या मोठ्या कंपन्यांना दर, शुल्क आणि डेटाची मर्यादा दाखवणारे ठरावीक नमुन्याचे लेबल द्यावे लागते, ते मागून वाचा. सवलत पहिल्या तीन महिन्यांची आहे का, वर्षभराचे पैसे आधी भरावे लागतात का, खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची अट आहे का, हेही पाहा. वर्षभराचा प्लॅन खरोखर स्वस्त असतो, पण तो चाचणीच्या महिन्यानंतर घ्यावा.

युरोपीय संघातल्या देशात जाणार असाल तर आणखी थोडे. १५ जून २०१७ पासून तिथल्या सिमवर संघातल्या अन्य देशांत फिरताना साधारणपणे घरचेच दर लागतात. मात्र फ्रान्समध्ये बसून फ्रेंच सिमवरून जर्मनीतल्या क्रमांकाला केलेला फोन रोमिंगमध्ये मोडत नाही, तो आंतरराष्ट्रीय कॉल असतो आणि त्याला वेगळे पैसे पडू शकतात. ब्रिटन आणि स्वित्झर्लंड या नियमाच्या बाहेर आहेत. आणि एका देशातले स्वस्त सिम घेऊन दुसऱ्या देशात कायमचे राहता येत नाही : चार महिन्यांच्या काळात तुमचा मुक्काम आणि वापर बहुतांश बाहेर दिसला, तर कंपनी विचारणा करून जादा आकार लावू शकते.

राहिला फॅमिली प्लॅन. तो स्वस्त पडतो हे खरे आहे आणि तुमच्या मैत्रिणीचा हेतूही चांगलाच असणार. पण त्या खात्याचा मालक एकच असतो, बिलाची जबाबदारी त्याच्यावर असते आणि सगळे क्रमांक त्याच्या ताब्यात असतात. तो शिक्षण संपवून परत गेला, किंवा प्लॅनमधल्या एक-दोघांनी पैसे देणे थांबवले, तर तुमचा क्रमांक बंद पडू शकतो, आणि तो दुसरीकडे न्यायचा म्हटला तर खात्याची माहिती आणि पिन त्याच्याकडूनच घ्यावा लागतो. शिवाय नियमित बिल भरल्याची कुठे नोंद झालीच, तर ती तुमच्या नावावर होत नाही. एक सत्र त्या मंडळींसोबत काढा. पैशांचे व्यवहार ते कसे सांभाळतात हे दिसले, खातेदार निदान तुमचा अभ्यासक्रम संपेपर्यंत तिथे राहणार आहे हे कळले आणि प्लॅनवर कोणताही फोन हप्त्याने घेतलेला नाही याची खात्री झाली, तर आनंदाने सामील व्हा. तेव्हा आपला प्रीपेड क्रमांक त्यात पोर्ट करा आणि कोणी केव्हा किती पैसे द्यायचे व बाहेर पडणाऱ्याचा क्रमांक किती दिवसांत मोकळा करायचा, हे सर्वांनी मिळून लिहून ठेवा.

अभ्यासक्रम संपवून देश सोडाल तेव्हा स्थानिक सिम घाईने टाकून देऊ नका. तिथल्या बँकेतले खाते बंद होईपर्यंत, घराची अनामत परत येईपर्यंत आणि कराचा परतावा मिळेपर्यंत त्याच क्रमांकावर संदेश येत राहतात, म्हणून परतताना तो सर्वांत स्वस्त प्रीपेड प्लॅनवर न्या आणि काही महिने तसाच चालू ठेवा. पोस्टपेड घेतलेले असेल तर सेवा बंद करण्याची सूचना मुदतीआधी लेखी द्या, ती मिळाल्याचे कंपनीचे उत्तर जपून ठेवा, अनामत रक्कम कोणत्या खात्यात परत येणार ते विचारून घ्या, आणि ते बँक खाते शेवटचे बिल वळते होऊन अनामत जमा झाल्यानंतरच बंद करा.